बाबांच्या डोक्याचा फोटो

बाबांचं काहीतरी बिनसलंय हे मला एका शब्दावरून कळलं. तो शब्द होता 'असंल'.

संध्याकाळची वेळ होती. बाबांचे मित्र ओट्यावर येऊन बसले होते. आम्ही त्यांना कंडक्टर काका म्हणतो. बाबा पांढरकवड्याच्या एसटी आगारात मेकॅनिक होते आणि काका त्याच आगाराच्या गाड्यांवर कंडक्टर. निवृत्तही मागेपुढे झाले. काका बंजारा तांड्यावरचे, घरी देवी, नवस, अंगात येणं, सगळं यथासांग. बाबा बौद्ध, आणि बौद्धांमध्येही कडक. नोकरीभर दोघांचा एकच वाद चालला : देव आहे की नाही. वाद संपू नये याची काळजी दोघंही घेत असत.

त्या संध्याकाळी काकांनी बाबांकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "मिस्त्री, तुले बाहेरचं झालं. माह्यं ऐक, एकदा भगताकडं जाऊन येऊ."

मी आत भाजी निवडत होते. हात थांबवला, कारण या वाक्याला बाबांकडे पाऊण तासाचं उत्तर तयार असायचं. त्यात भगताचं उत्पन्न यायचं, इतिहास यायचा, विज्ञान यायचं आणि शेवटी काकांच्या डोक्याबद्दल चार शब्द यायचे.

बाबा म्हणाले, "असंल."

काका चपला न काढताच आत आले आणि आईला हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, मामला सिरियस आहे. तो मले हो म्हनाला."

आमच्या घरात देव नव्हते, पत्रकं होती. कपाटाच्या फळ्यांवर पत्रकं अंथरलेली, डब्यांच्या झाकणाखाली पत्रकं, माझ्या पुस्तकांना कव्हर पत्रकांचं. मी वाचायला त्यावरच शिकले. 'क' कमळाचा असतो हे मला शाळेत गेल्यावर कळलं, तोवर तो कष्टकऱ्यांचा होता. बरीचशी पत्रकं बाबांनी लिहिलेली असत. सुट्टीच्या दिवशी ते वस्त्यांमधून जाऊन जिभेवर कापूर जाळून दाखवत, नारळातून लाल चिंधी काढून दाखवत आणि मग ती चिंधी आत कशी गेली तेही दाखवत. लोकांना पहिला भाग जास्त आवडायचा.

बाबांचा नियम साधा होता. जे दिसत नाही ते मानायचं नाही. गाडी बंद पडली तर ड्रायव्हर म्हणेल ते ऐकायचं, पण इंजिन खोलल्याशिवाय बिघाड सांगायचा नाही. "खोल आनं दाखव," हे त्यांचं वाक्य. आगारात ते नट-बोल्टबद्दल होतं, घरी ते आत्मा, पुनर्जन्म आणि शेजारणीच्या अंगात येणाऱ्या बाईबद्दल होतं.

तेच बाबा आता पहाटे अंधारात उठून खाटेवर बसून राहत. पेपर येई तसा घडी न मोडता पडून राही. अर्धी भाकर ताटात उरू लागली, मग पाऊण. आईने त्यांच्या पट्ट्याला दाभणाने नवीन भोक पाडलं, आणि दिवाळीच्या सुमारास आणखी एक. विचारलं तर म्हणत, "काही नाही झालं. मन नाही लागून राह्यलं."

ती आमच्या जिल्ह्याची कापसाची वर्षं होती. भाव पडलेला, बोंडं किडलेली, शेतकरी जीव देत असलेले, आणि टीव्हीवाल्यांच्या गाड्या गावोगाव फिरत असलेल्या. त्या वर्षांत आमच्याकडे दुःखाचे सरकारी दोन प्रकार होते : पात्र आणि अपात्र. ज्याच्या नावावर सातबारा होता त्याचं दुःख कार्यालयात घेतलं जाई. बाकीच्यांनी आपापलं घरी ठेवायचं होतं. मी तेव्हा यवतमाळला राहून शिकत होते, सुट्टीला घरी येत होते आणि मोर्च्यांसाठी पत्रकं लिहीत होते. एका पत्रकात मी लिहिलं होतं की माणसाचं मन खचतं ते आपोआप नाही, त्याला खचवलं जातं. वाक्य मला आवडलं होतं. घरी येऊन मी ते बाबांवर लावून पाहिलं.

"बाबा, हे तुमचं एकट्याचं नाही. ही व्यवस्था माणसाला असं करते."

बाबांनी थोडा विचार केला. "व्यवस्था मले दर महिन्याले पेन्शन देते," ते म्हणाले. "थोडी देते, पन देते. माह्यं वावर नाही, माह्यावर कोनाचं देनं नाही. बाजूच्या गावात काय होऊन राह्यलं ते तू लिहितं. मंग मी कायले रडू? मले शरम वाटते, बाई."

पत्रकात पेन्शनरांसाठी परिच्छेद नव्हता.

शेवटी आई म्हणाली, "भगत नको, व्यवस्था नको. डॉक्टर पाह्य." आणि आम्ही यवतमाळच्या एका मानसरोगाच्या डॉक्टरांकडे गेलो. सोबत कंडक्टर काकाही निघाले. त्यांचं म्हणणं, एसटीत त्यांच्याशिवाय बाबांना जागा मिळत नाही.

डॉक्टर तरुण होते, सौम्य होते. त्यांनी झोप विचारली, भूक विचारली, आधी काय आवडायचं ते विचारलं, आता काय आवडतं ते विचारलं. बाबांनी सगळ्याची खरी उत्तरं दिली. वजन झालं, रक्तदाब झाला, चालून दाखवायला सांगितलं तेही झालं. मग डॉक्टर बाबांना म्हणाले, "काका, याला उदासीनतेचा आजार म्हणतात. उतारवयात होतो. बरा होतो. मी गोळी लिहून देतो."

बाबा म्हणाले, "पाह्यला कुठं तुमी?"

"काय?"

"आजार. तुमी तं नुसतं विचारलं. खोलून कुठं पाह्यलं?"

डॉक्टर हसले. म्हणाले की तुमची चाल थोडी मंदावली आहे, रक्तदाब जुना आहे, म्हणून डोक्याचा एमआरआय तसाही करून घेऊ. आत गाठ नाही ना, रक्तस्राव नाही ना, एखादा छोटा झटका येऊन गेला नाही ना, एवढं पाहायला. गोळी मात्र आजपासून सुरू करा.

बाबांनी त्यातलं पाहिजे तेवढं ऐकलं. "म्हंजे फोटो निघते," ते म्हणाले. "मंग आधी फोटो. फोटोत दिसलं तं गोळी घेतो. नाही दिसलं तं नाही घेत. सौदा साफ."

मला वाटलं डॉक्टर तिथेच नाही म्हणतील. पण बाहेर रांग मोठी होती. मला मात्र त्यांनी दारापर्यंत येऊन सांगितलं, "या वयात माणूस असा खायचं सोडतो तेव्हा शरीर मनाची वाट पाहत नाही. फोटो येवो न येवो, गोळी पोटात गेली पाहिजे. लांबवू नका."

तेव्हा एवढंच उरलं होतं : बाबांनी गोळी घ्यायची. आणि बाबांना ती घ्यायला लावू शकेल असा जगात एकच पक्ष होता, तो म्हणजे पुरावा.

एमआरआयवाल्याने अंगावरचं सगळं धातूचं काढायला सांगितलं. बाबांच्या खिशावर कायम एक निळा बिल्ला असायचा. तो काढा म्हणणाऱ्या एका साहेबाशी त्यांनी आगारात मोठं भांडण केलं होतं, ते आम्हाला घरी अनेकदा ऐकवलं गेलं होतं. इथे त्यांनी तो मुकाट्याने काढला आणि माझ्या हातात दिला. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी बिल्ल्याकडे पाहिलं.

आत बराच वेळ लागला. भिंतीतून धडधड, घरघर, मग ठोकल्यासारखा आवाज येत होता. काकांनी त्या वेळात देवीला काहीतरी कबूल केलं. काय ते त्यांनी सांगितलं नाही, पण बोकडाचा भाव मला विचारला.

बाबा बाहेर आले ते बटनं लावत आले आणि सरळ तंत्रज्ञाकडे गेले. "तुह्या मशीनची बेअरिंग गेली," ते म्हणाले.

"काका, त्याचा आवाज तसाच असतो."

"बिघडलेल्या गाडीचा ड्रायव्हर हेच म्हनते."

कित्येक महिन्यांत त्यांनी स्वतःहून सुरू केलेलं ते पहिलंच संभाषण होतं. काका आनंदाने म्हणाले, "पाहा, फोटोनंच फरक पडला."

रिपोर्ट आला तो इंग्रजीत होता आणि छोटा होता. डॉक्टरांनी काळी फिल्म उजेडाच्या खोक्यावर लावली. बाबांच्या डोक्याचे लहान लहान तुकडे ओळीने मांडले होते, कोबी चिरून ठेवल्यासारखे. मधेमधे पांढरे ठिपके होते. काका पुढे वाकले.

"कापूस फुटला हो मिस्त्री तुह्या डोक्यात. वेचनी राह्यली वाटते."

"यंदाच्या भावात कोन वेचते," बाबा म्हणाले.

डॉक्टरांनी ठिपक्यांवर पेनाचं टोक ठेवलं. त्यांनी सांगितलं ते मी नीट ऐकलं, कारण मला तेच नीट ऐकायचं होतं. ते म्हणाले, असे ठिपके बारीक रक्तवाहिन्या थकल्या की दिसतात. उतारवयात, जुना रक्तदाब असेल तर, पुष्कळांना असतात. म्हातारपणी पहिल्यांदाच उदासी येते अशा लोकांत ते जरा जास्त आढळतात, असं दिसून आलं आहे. कदाचित मन उचलून धरणाऱ्या ज्या तारा आहेत, त्यांच्या वाटेत ते येत असतील. पण असेच ठिपके असलेली आनंदी माणसंही भरपूर आहेत, आणि एकही ठिपका नसलेली उदास माणसंही. गाठ नाही, रक्तस्राव नाही, ही चांगली बातमी. "मात्र फक्त या फोटोवरून मी उदासी आहे असं म्हणू शकत नाही. ते मी तुमच्याशी बोलूनच म्हणतो."

"म्हंजे पुरावा नाही," बाबा म्हणाले.

"काका, आजार फोटोत दिसला नाही म्हणून तो नाही, असं सिद्ध होत नाही."

बाबांनी मान वर केली. "हे वाक्य लोकं देवाबद्दल म्हनतात," ते म्हणाले. "नोकरीभर ऐकलं."

"मीच म्हनत होतो," काका अभिमानाने म्हणाले.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मला त्यांची दया आली. त्यांच्या शिक्षणात बाबांचा धडा नसणार.

परतीच्या गाडीत बाबा खिडकीला डोकं टेकून बसले. गोळ्यांची पुडी माझ्या पिशवीत होती, न फोडलेली. मोहद्याच्या पुढे काका माझ्या बाजूला सरकले.

"सांगून दे न, पोरी. पांढरं म्हंजे दुःख. रिपोर्टात लिहून आहे म्हना. इंग्रजीत लिहिलेलं कोन पाह्यते?"

"काका, हे खोटं आहे."

"मी नोकरीभर सांगितलं, मागं जागा आहे, मागं सरका. होती काय मागं जागा? पन गाडी चालली का नाही?"

मुद्दा बिनतोड होता. पण घरी पोचल्यावर बाबांनी हात पाय धुतले, माझा शाळेतला इंग्रजी-मराठी शब्दकोश काढला आणि रिपोर्ट मांडीवर घेऊन बसले. एकेका शब्दावर बोट ठेवून त्यांनी तो वाचला. पुष्कळ शब्द त्या कोशात नव्हते. जे सापडले त्यांत 'वय' होतं, 'सुसंगत' होतं आणि 'बदल' होतं.

"वयाशी सुसंगत बदल," त्यांनी जाहीर केलं. "म्हंजे मी जसा पाह्यजे तसा आहे." आणि चष्मा काढून भिंतीकडे तोंड करून झोपले. ताट तसंच झाकून राहिलं.

पुढचे काही दिवस मी समजावण्याचे सगळे मार्ग करून पाहिले. मी त्यांना मेंदूची माहिती दिली, ते ऐकून घेत. मी विनंती केली, तीही ऐकून घेत. ते विरोध करत नव्हते हेच अवघड होतं. वाद घालायला समोर माणूस लागतो. आईने गोळी वरणात कुटून घालायचा विचार बोलून दाखवला. मी तिला म्हणाले की ही फसवणूक आहे. ती म्हणाली, "तुह्या बापाले फसवता आलं असतं तं मी लग्नाच्या वक्तीच फसवलं असतं."

एका संध्याकाळी त्यांनी चहासुद्धा परत केला. कप भरलेला माझ्या हातात आला आणि माझा तोल गेला. मी जन्मभर ज्या आवाजात चौकात बोलायला शिकले होते, त्या आवाजात स्वयंपाकघरात बोलले.

"फोटोत दिसलं तरच खरं ना? मग जात कुठं दिसते? घाला त्या मशीनमध्ये गावच्या पाटलाला, आणि घाला तुम्हाला. निघते का फोटोत? कोणत्या ठिपक्यात निघते? नाही निघत. म्हणजे जात नाही? मग तुम्ही पत्रकं कशाची लिहिली हो बाबा? नसलेल्या गोष्टीची?"

आईची विळी थांबली. ओट्यावर काका होते, त्यांनी खोकून आपण ऐकत नसल्याचं कळवलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, आणि ते पाहणं वेगळं होतं. एखाद्या सभेत समोरचा वक्ता बरा निघावा तसं. मग ते उठून अंगणात गेले आणि अंधार पडेपर्यंत येरझाऱ्या घालत राहिले. आई म्हणाली, "कायले बोलली एवढं?" काका म्हणाले, "बोलू द्या वहिनी. चालून तं राह्यला."

सकाळी मी चूल पेटवत होते तर ते दारात उभे होते. दाढी केलेली नव्हती, पण डोळे जागे होते.

"काल तू उदाहरन चुकीचं दिलं," ते म्हणाले.

"कसं काय?"

"जात फोटोत नाही दिसत, बरोबर. पन परिनामात दिसते. कोनाचं घर गावाच्या कोन्या बाजूले हाय, कोन कोनाले अरे म्हनते, कोनाच्या हातचं पानी कोन पेते, सगळं मोजता येते. मी कधी म्हटलं का फोटो दाखव म्हनून? मी म्हटलं, परिनाम दाखव. जे परिनाम करते ते आहे. भूत काही करत नाही म्हनून भूत नाही." त्यांनी दम घेतला. "तुह्या त्या उदासीचं काय मोजता येते? सांग."

मी तोंड उघडलं. पण आई आधी बोलली. ती पाठमोरी भाकरी थापत होती, तिने वळूनही पाहिलं नाही.

"पॅन्ट."

"काय?"

"पॅन्ट मोजा. दोन डाव पट्ट्याले भोक पाडलं म्या. तो परिनाम नाही तं काय फॅशन आहे?"

बाबा पट्ट्याकडे पाहू लागले.

"आनं मले मोजा," आई म्हणाली. भाकर तिने तव्यावर टाकली ती थोडी जोरातच पडली. "पोळ्याच्या दिवसापासून माह्याशी बोलले काय तुमी? भाजीले नाव ठेवलं? मी कुठं चालली म्हनून विचारलं? मी एकली बोलतो, एकली जेवतो, तुमचं उरलेलं खातो. पोरगी यवतमाळले राह्यते, तिले काय माहीत. परिनाम पाह्यजे न तुमाले? हा पाहा, बसली आहे समोर."

ती अजूनही वळली नव्हती. तव्यावरून धूर यायला लागला आणि तिने भाकर उलटवली.

बाबा बराच वेळ तिच्या पाठीकडे पाहत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर मी आजवर न पाहिलेलं काहीतरी होतं. रडू नव्हतं. आपलीच चाल आपल्यावर उलटल्याचं कळलेल्या माणसाचा तो चेहरा होता, आणि त्याखाली आणखी काही, ज्याच्याकडे मला पाहायचं नव्हतं म्हणून मी चुलीत काडी सारली.

"गोळी जेवनाआधी का मंग?" त्यांनी विचारलं.

"नंतर," मी म्हणाले. "उपाशीपोटी नाही चालत."

"म्हंजे आधी खा लागन," बाबा म्हणाले, यात आमचा काहीतरी कट आहे अशा सुरात. आणि पाटावर बसले.

त्यांनी अख्खी भाकर खाल्ली नाही. अर्धी खाल्ली. गोळी उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिली, मागे-पुढे काही लिहिलं नव्हतं, मग घेतली. आईने तांब्या पुढे केला, आणि त्यांनी विचारलं, "तू जेवली काय?" ती नाही म्हणाली. ते बसून राहिले. ती जेवेपर्यंत उठले नाहीत.

चमत्कार झाला नाही, आणि झाला असता तर बाबांनी तो उघडा पाडला असता. दोन आठवडे काहीच झालं नाही. मग झोप थोडी लांबली. मग एका रविवारी पेपरची घडी मोडलेली दिसली आणि अग्रलेखावर पेनाने प्रश्नचिन्ह होतं. वाईट दिवस मधेमधे येतच राहिले, त्या दिवशी आई त्यांच्याशी दुप्पट बोलायची आणि ते अर्धं ऐकायचे.

ठरल्या तारखेला आम्ही पुन्हा यवतमाळला गेलो. डॉक्टरांनी वजन केलं, ते वाढलं होतं. ते खूश झाले. "बघा काका, गोळी लागू पडली."

"असं सिद्ध नाही होत," बाबा म्हणाले. "थंडी पन गेली. बायको पन बोलून राह्यली रोज. तिन्ही गोष्टी एकावक्तीच झाल्या, त्यातली कोनती लागू पडली ते तुमी कसं सांगान?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मग गोळी बंद करायची का?"

"मी तसं कुठं म्हटलं?" बाबा म्हणाले.